भांगाची अष्टमी : मुंबईतील दीर्घ ट्रायथलॉनच्या सरावाचा पूर्वेतिहास

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे ही तीन अंतरे एकापाठोपाठ, मध्ये घड्याळ न थांबवता पार करण्याची शर्यत होय. तिच्या दीर्घ पल्ल्याच्या प्रकाराचा, म्हणजे आयर्नमॅनचा, प्रारंभ १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटसमूहातील ओआहू बेटावर झाला. त्या दिवशी उतरलेल्या १५ स्पर्धकांपैकी १२ जणांनी सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धाव पूर्ण केली. याच शर्यतीचा निम्म्या अंतराचा प्रकार तिन्ही टप्प्यांच्या मैलांच्या बेरजेवरून ७०.३ या आकड्याने ओळखला जातो आणि आयर्नमॅन या नावाने भारतात झालेली पहिली शर्यत याच प्रकारची होती. ती २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर भरली. मुंबईहून रात्रभराच्या प्रवासाच्या टप्प्यात आलेल्या या शर्यतीमुळे गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या भागांतील हौशी खेळाडूंना परदेशाचा खर्च न करता पहिली दीर्घ ट्रायथलॉन आवाक्यात आली. या खेळाचे तिन्ही भाग मुंबईत फार जुने आहेत. मात्र ते वेगवेगळ्या लोकांच्या मालकीचे होते, आणि त्यांना एकत्र आणणाऱ्या अखेरच्या आठवड्यांवर प्रशिक्षकांच्या तक्त्याइतकीच पावसाची, भरती-ओहोटीची आणि पंचांगाची सत्ता चालते, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य आहे.

या तिन्हींत पाण्याची वाटणी सर्वांत काटेकोर होती. ब्रीच कँडीचा तरणतलाव दीर्घकाळ केवळ युरोपियनांसाठी राखीव राहिला आणि ही अट स्वातंत्र्यानंतरही काही काळ टिकली. गिरगाव चौपाटीवरचा तलाव मफतलाल बाथ या सुटसुटीत नावाने सर्वांना ठाऊक असला, तरी त्याच्या पूर्ण नावात प्राणसुखलाल मफतलाल यांच्यापाठोपाठ ‘हिंदू’ हा शब्द येतो, आणि नळाच्या व सागराच्या पाण्यालाही जातधर्माच्या कुंपणात बसवणाऱ्या काळाची ती नोंद आहे. गिरणगावात कोकणातून आलेल्या कामगारांपैकी अनेकांना पोहता येत असे, पण ते गावच्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून शिकलेले असत; चाळीच्या आयुष्यात त्या कौशल्याला वाव नव्हता, कारण नळाला येणारे पाणी हंड्याने मोजून घ्यावे लागे. सर्वसामान्य मध्यमवर्गीय मुलांना शास्त्रशुद्ध पोहण्याची संधी दिली ती शिवाजी पार्कलगतच्या महापालिकेच्या महात्मा गांधी स्मारक जलतरण तलावाने. अभिनेते मिलिंद सोमण, ज्यांनी २०१५ साली, वयाच्या ४९ व्या वर्षी, झुरिचची पूर्ण अंतराची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत संपवली, ते मुळात याच तलावात घडलेले राष्ट्रीय दर्जाचे जलतरणपटू होते. ७०.३ प्रकारातील १.९ किलोमीटर अंतर ५० मीटरच्या तलावात ३८ फेऱ्यांनी भरते. परंतु तलावात प्रत्येक फेरीअखेर भिंतीला रेटा देता येतो, तळाशी रंगीत पट्टी दिसते आणि पाणी एका जागी राहते, यांपैकी एकही सोय समुद्रात नसते.

समुद्रात पोहण्याची परंपरा मुंबईला आहेच. बंदरातील संक रॉक दीपगृहापासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतची ५ किलोमीटरची शर्यत, घारापुरी ते गेटवे हे सुमारे १४ किलोमीटरचे अंतर आणि धरमतर ते गेटवे हा सुमारे ३५ किलोमीटरचा पल्ला ही तिची चढती पायरी मानली जाते. या परंपरेतील माणसांना जे ज्ञान आवश्यक होते ते कोळ्यांकडे आणि कोकणच्या खलाशांकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. भरतीची वेळ काढण्याचा त्यांचा हिशेब असा की, त्या दिवशीच्या तिथीला ३ ने गुणून ४ ने भागले, म्हणजे तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरती सुमारे किती वाजता येते ते कळते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी व मध्यरात्री येते आणि तिला उधाण म्हणतात. तेव्हा पाणी सर्वाधिक चढते व ओहोटीलाही तेवढ्याच वेगाने मागे हटते. उलट अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढउतार सर्वांत कमी व प्रवाह मंद असतात. आणि आठाची पाऊणपट सहा होत असल्याने त्या दिवशीची भरती नेमकी पहाटे सहाच्या सुमारास येते. नवशिक्या सागरी जलतरणपटूसाठी याहून सोयीची वेळ निसर्गाने ठेवलेली नाही, मात्र ती पंधरवड्यातून एकदाच येते आणि रविवारची वाट पाहत नाही.

याउपर पावसाळा असतो. जूनपासून समुद्र खवळलेला राहतो, मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला, म्हणजे श्रावणातील पौर्णिमेला, कोळी समाज दर्याला नारळ अर्पण करून होड्या पुन्हा पाण्यात लोटतो. पोहणाऱ्यांना मात्र तेवढ्यावर समुद्र मोकळा होत नाही. भाद्रपदात गिरगाव चौपाटीवर विसर्जन सुरू होते, आणि २०१३ च्या विसर्जनात तर किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात आलेल्या पाकट माशांच्या काट्यांनी अनेक भाविक जखमी झाले होते. त्यामुळे गोव्याच्या शर्यतीसाठी सराव करणारा मुंबईकर बहुतेक वेळ तलावातच काढतो आणि उघड्या पाण्याचा अनुभव अखेरच्या दिवसांपर्यंत पुढे ढकलतो.

सायकलीचा इतिहास यापेक्षा धाडसी आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ४४,००० मैलांचे अंतर तोडून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतले. या तिघांच्या पराक्रमाला मराठी वाचकांच्या स्मृतीत हवे तेवढे स्थान मिळालेले नाही, असे नमूद करणे भाग आहे. गिरणगावात सायकल हे प्रामुख्याने पोटाचे साधन होते. दूधवाले, पेपरवाले आणि डबेवाले यांच्या रोजच्या फेऱ्यांत शर्यतीच्या अंतरांइतकेच किलोमीटर जमा होत, पण त्यांची नोंद कुणी ठेवली नाही. वरळीच्या हिंद सायकल्सच्या कारखान्यातून निघालेली जड, काळी सायकल याच कष्टांसाठी बनलेली होती. खेळाच्या अंगाने मुंबई-पुणे सायकल शर्यतीने लोकांचे लक्ष वेधले आणि तिच्यात बोरघाटाची चढण सर्वांत आधी पार करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळे.

धावण्याची गोष्ट थोडक्यात सांगता येते. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत खेड्यापाड्यांतील धावपटू पाहून प्रभावित झालेले मुंबईचे दोराबजी टाटा यांनी पुढच्या वर्षी अँटवर्प ऑलिंपिकसाठी संघ पाठवण्यास पुढाकार घेतला, आणि त्या संघातील बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. मुंबईच्या नागरिकांना मात्र धावण्याची सवय लागली ती १५ फेब्रुवारी २००४ रोजी पहिली मुंबई मॅरेथॉन झाल्यानंतर. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीचा सव्वा किलोमीटरच्या आसपासचा फेरा आणि मरीन ड्राइव्हचा सुमारे साडेतीन किलोमीटरचा पदपथ यांवर पहाटेच्या टोळ्या दिसू लागल्या, त्या तेव्हापासून.

या तीन परंपरांची गाठ शेवटच्या आठवड्यांत पडते. दीर्घ शर्यतीपूर्वीचा सर्वाधिक भार साधारणपणे सहाव्या ते तिसऱ्या आठवड्यात येतो आणि त्यात ‘ब्रिक’ नावाचा जोडसराव असतो, ज्यात सायकलवरून उतरताच, पोटऱ्या अजून पेडलच्या लयीत असतानाच, धावायला सुरुवात करावी लागते. त्यानंतरचे दोन आठवडे ‘टेपर’चे, म्हणजे सरावाचे प्रमाण उतरते ठेवून वेग मात्र कायम राखण्याचे असतात. या पद्धतीचे श्रेय ऑस्ट्रेलियाचे जलतरण प्रशिक्षक फोर्ब्ज कार्लाइल आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रँक कॉटन यांना दिले जाते, आणि अनेक अभ्यास एकत्र करून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानेही सराव निम्म्याच्या आसपास आणणे सर्वांत लाभदायक असल्याचे दाखवले.

२०१९ साली हा तक्ता मुंबईच्या पंचांगावर ठेवून पाहिल्यास अडचण स्पष्ट होते. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला, म्हणजे शर्यतीच्या सात आठवडे आधी आली आणि अनंत चतुर्दशीपर्यंत लालबाग-परळमधून पहाटे सायकल काढणे दर्शनाच्या रांगांमुळे अशक्यप्राय झाले. भाराचे आठवडे पितृपक्षात व नवरात्रात पडले. नऊ दिवसांचा उपवास आणि तीन तासांची सायकल यांचा मेळ घालणे कठीण, परंतु पिष्टमय पदार्थांचा साठा शरीरात वाढवण्याचा जो सल्ला आहारतज्ज्ञ देतात तो साबुदाण्याच्या खिचडीने अजाणता पाळला गेला, असे म्हणायला हरकत नाही. दसरा ८ ऑक्टोबरला होता, म्हणजे टेपर सुरू होऊन गेलेला होता. त्या वर्षी नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी देशातून माघार घेण्यास ९ ऑक्टोबरला सुरुवात केली आणि ती तोवरच्या नोंदींतील सर्वांत उशिराची होती. त्यानंतर शर्यतीपूर्वीचा एकच रविवार हाती उरला, तो १३ ऑक्टोबरचा. आणि त्या दिवशी कोजागरी पौर्णिमा होती, म्हणजे उधाण होते व पहाटे सहाला चौपाटीवर पूर्ण ओहोटी होती. ज्यांचा सगळा भरवसा त्या एका रविवारावर होता, त्यांना पाण्यासाठी आधी गाळ तुडवत जावे लागले असते.

२०२२ साली शर्यत १३ नोव्हेंबरला गेली तेव्हा चित्र बरेच बदलले. समुद्र शांत झालेला होता, लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला आटोपले होते, त्यामुळे अखेरच्या तीन आठवड्यांत घरोघरच्या फराळाचा मोह तेवढा आवरायचा होता. कार्तिक शुद्ध अष्टमीचा भांगही टेपरच्या तोंडावर, १ नोव्हेंबरला आला आणि भरती हिशेबाप्रमाणे पहाटे सहाच्या सुमारास होती; पण तो मंगळवार होता आणि नोकरी करणाऱ्या खेळाडूला आठाच्या आत पाण्याबाहेर येऊन लोकल गाठणे भाग होते.