परगण्याचा संसार

वऱ्हाडचा इतिहास म्हटला म्हणजे इमादशाही, निजामशाही, मोगल, निजाम, भोंसले अशी राज्यकर्त्यांची मालिका आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु मेहकरकडील एखाद्या कुणब्याचे सुखदुःख ह्या मालिकेपेक्षां परगण्यावर अधिक अवलंबून असे. कसब्यांतील देशमुखाचा वाडा आणि देशपांड्याचें दप्तर हेंच त्याचें खरें सरकार होय.

इ. स. १५९६ त चांदबिबीनें वऱ्हाड अकबराच्या स्वाधीन केलें. अबुल फजलच्या 'ऐन-इ-अकबरी'त ह्या सुभ्याचें जें वर्णन आहे, त्यांत मेहकर हें एका 'सरकारा'चें मुख्य ठिकाण म्हणून येतें. मलकापूर मात्र नरनाळा सरकारांत पडतें. लोणारच्या सरोवराचें माहात्म्य ग्रंथकारानें सांगितलें आहेच. पण कांच आणि साबण ह्यांस लागणारा क्षार तेथें निघतो व त्याचें उत्पन्न चांगलें येतें, हें नमूद करण्यास तो विसरत नाहीं. उल्केच्या आघातानें झालेलें म्हणून आज ज्ञात असलेलें हें विवर मोगली कारकुनास प्रथम एक उत्पन्नाची बाब म्हणून दिसलें, यांत नवल नाहीं.

हा वसूल गोळा होई कसा? बादशहाचा जहागीरदार आज येथें, तर उद्यां दुसऱ्या सुभ्यांत. त्याला जमिनीची पारख कोठून असणार? ती पारख वतनदारास. पाटील-कुळकर्णी गांवापुरते, देशमुख-देशपांडे परगण्यापुरते. देशमुखाचा हक्क वसुलावर बसलेला असल्यामुळें गांव ओस पडलें कीं त्याचा हक्कही ओस पडे. म्हणूनच दुष्काळानंतर किंवा दंग्यानंतर पळालेल्या रयतेस कौल देऊन परत आणावें लागे. पहिल्या वर्षीं हलका सारा, पुढें वर्षावर्षानें चढत पांचसात वर्षांनीं पुरता; ह्यासच इस्तावा म्हणत. गांव सोडून जाणें हें कुणब्याचें एकच शस्त्र होतें, आणि कौल हा त्या शस्त्राला दिलेला मान होता.

हें रामराज्य होतें असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या पदरची जमीन दडवून तिचा भार दुबळ्यांवर ढकलणारे देशमुख थोडे नव्हते. शिवाय १६३० ते १६३२ च्या भयंकर दुष्काळासारख्या प्रसंगीं कौल घेण्यास माणूसच उरत नसे.

वतनाची ताकद आणि तिचा धोका हीं दोन्हीं पाहावयाचीं तर सिंदखेडास जावें. तेथील देशमुखीच्या बळावर लखुजी जाधव निजामशाहींतील मोठे सरदार झाले. जिजाबाई ह्यांच्याच कन्या. १६२१ च्या सुमारास लखुजी मोगलांस मिळाले, पुढें परत फिरले, आणि १६२९ त दौलताबादेस भर दरबारांत मुलां-नातवासह मारले गेले. मनसबी आल्या नि गेल्या. जाधवांचें घराणें सिंदखेड-देऊळगांवराजाच्या मातींत टिकलें, कारण वतन दरबारांत नव्हतें, मातींत होतें. लखुजींची भव्य समाधि आजही सिंदखेडास उभी आहे.

अठराव्या शतकांत रयतेच्या डोक्यावर दोन धनी बसले. १७१९ त मराठ्यांस दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. १७२४ त साखरखेर्ड्याच्या रणांत निजामानें मुबारिजखानास मारून दक्षिण आपलीशी केली व त्या गांवास फत्तेखेर्डा हें नांव दिलें. पुढें निजाम आणि नागपूरकर भोंसले ह्यांची दुअंमली १८०३ पर्यंत चालली. एकाच पिकावर दोघांचे कमाविसदार! अशा वेळीं कोणाचें किती देणें झालें, ह्याचा निवाडा देशपांड्याच्या दप्तरावरच व्हावयाचा. तें दप्तर खरें असलें तर गांव वाचे, खोटें असलें तर बुडे.

१८५३ त वऱ्हाड इंग्रजांकडे आलें, आणि १८६१ पासून मुंबई पद्धतीची मोजणी सुरू होऊन प्रत्येक सर्व्हे नंबरावर आकार ठरला. देशमुख-देशपांड्यांस कामावांचून मोबदला मिळूं लागला व परगण्याच्या जागीं तालुका आला. सारा निश्चित झाला, वतनदाराची लबाडी संपली. हा लाभ लहान नव्हे. पण घासाघीस करण्याची सोयही त्याबरोबर गेली. पाऊस न पडलेल्या वर्षीं कुणबी पूर्वीं कौलासाठीं देशमुखाच्या ओसरीवर बसे. आतां तो हप्त्याच्या तारखेपूर्वीं सावकाराच्या ओसरीवर बसूं लागला.