एकतीस जानेवारीची मध्यरात्र

आपल्याकडे वकिलाला सनद एकदा मिळाली की ती दर जानेवारीत नव्याने काढावी लागत नाही. केनियात लागते. तिथल्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे वकिली करायला तीन गोष्टी हव्यात: वकील म्हणून प्रवेश, वकिलांच्या अधिकृत यादीत म्हणजे रोलवर नाव आणि त्या वर्षाची चालू सनद. तिसरी नसेल तर पहिल्या दोन असूनही तो माणूस कायद्याच्या लेखी अपात्र ठरतो, मग त्याने तीस वर्षे कोर्टात काढलेली असोत.

सनदेचे वर्ष १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. जुनी सनद वर्षाबरोबर संपते. जानेवारीपुरती कायद्याने एक सवलत ठेवली आहे: या महिन्यात जारी झालेली सनद १ जानेवारीपासूनच लागू मानली जाते. फेब्रुवारीत जारी झालेली मात्र जारी झाल्याच्या दिवसापासून. त्यामुळे ३१ जानेवारी हुकली की पुढचे काम अडतेच, शिवाय आधीच्या ३१ दिवसांत केलेले सगळे कामही उघडे पडते. एवढी कठोर मुदत इतक्या सहज विसरली जाते, म्हणून हा दिवस तासागणिक मांडतो आहे. खालची नैरोबीची फर्म आणि तिच्यातली माणसे कल्पित आहेत. कायदा आणि निकाल खरे आहेत.

सकाळी ८:००

हिशेब पाहणाऱ्या बाई यादी उघडतात. चौदा वकील. लॉ सोसायटी ऑफ केनियाची वर्गणी आणि सनदेचे शुल्क दरवर्षी फर्म भरते, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. पैसे फर्मचे असले तरी सनद ज्याची त्याची. अर्ज ज्याने त्याने आपल्या खात्यातून करायचा असतो. वकिलांना वाटते ऑफिस बघेल, ऑफिसला वाटते वकिलांनी केले असेल. नाताळची कोर्टाची सुट्टी १३ जानेवारीपर्यंत चालते. ती संपली की तुंबलेल्या तारखा अंगावर येतात आणि महिना सरतो.

यादीत नऊ नावांपुढे खूण आहे. पाच कोरी.

सकाळी ९:३०

त्या पाचांपैकी एक जण नैरोबीच्या मिलिमानी न्यायालयातल्या प्रकरणात मनाई हुकुमासाठी युक्तिवाद करतो आहे. सुनावणी व्हिडिओवर चालली आहे. न्यायाधीश सनद विचारत नाहीत, समोरचा वकीलही नाही. रोजच्या व्यवहारात कोणी विचारत नसल्यामुळेच ही त्रुटी महिनाभर दबून राहते. विचारले जाते ते प्रतिपक्ष अडचणीत आला की.

सकाळी ११:००

पाचांपैकी तिघे अर्ज भरायला बसतात. उरलेल्या दोघांचा अर्ज अडतो, कारण वर्षाला निरंतर शिक्षणाचे पाच गुण लागतात आणि त्यांचे तीनच भरले आहेत. आज एखाद्या परिसंवादाला बसून उपयोग नाही. मागच्या वर्षाचे खाते ३१ डिसेंबरला बंद झाले, आजचे गुण नव्या वर्षात जमा होतील. या दोघांची मुदत खरे तर महिन्यापूर्वीच टळली होती. कळले आज.

एक ज्युनिअर विचारते, “सर, सूट मागता येईल का?” मागता येईल. पण ती विनंती वाचायला कोणाला तरी वेळ लागणार, आणि आज वेळच नाही.

दुपारी १:००

पैसे. बँकेतून पाठवायला दोन सह्या लागतात. दुसऱ्या सहीचे भागीदार मोंबासाच्या विमानात आहेत. मग एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा. केनियात भाजीपासून भाड्यापर्यंत सगळे त्यावर चालते, पण एका व्यवहाराची मर्यादा अडीच लाख शिलिंग आहे आणि फर्मच्या फोनवरून आज सकाळपासून इतर देणी गेली आहेत. दिवसाची मर्यादा जवळ आली. शेवटी एक वकील स्वतःच्या फोनवरून स्वतःचे शुल्क भरतो. त्याला हे ५ जानेवारीलाही करता आले असते.

दुपारी ३:३०

या तासाला सगळ्यात मोठी चूक होते, आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

एका कुटुंबाची जमीन बँकेकडे तारण ठेवून कर्ज घ्यायचे आहे. गहाणखत तयार आहे. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ प्रमाणे असा दस्त ज्याने तयार केला त्याचे किंवा त्याच्या फर्मचे नाव आणि पत्ता दस्तावर लिहावाच लागतो. तिथे नाव पडते ते गुण कमी पडलेल्या दोघांपैकी एकाचे. दस्त नोंदणीला जातो.

पुढे कर्ज थकले तर? या प्रश्नावर केनियाच्या न्यायालयांनी दोन टोके गाठली आहेत. २००१ मध्ये ओबुरा विरुद्ध कूमे या प्रकरणात अपिलाच्या कागदावर सही करणाऱ्या वकिलाकडे चालू सनद नव्हती म्हणून अपील न्यायालयाने अपीलच काढून टाकले. २००९ मध्ये नॅशनल बँक ऑफ केनिया विरुद्ध विल्सन एन्डोलो आया या निकालात सनद नसलेल्या वकिलाने तयार केलेले तारणाचे दस्त निरर्थक ठरवले गेले. चूक वकिलाची, आणि फटका बँकेला. त्यानंतर थकलेल्या कर्जदारांच्या हाती एक सोपी पळवाट आली: दस्त कोणी लिहिला ते शोधा, त्या वर्षी त्याची सनद होती का ते पाहा, आणि नसेल तर तारणच नाकारा.

२०१५ मध्ये नॅशनल बँक ऑफ केनिया विरुद्ध अनाज वेअरहाउसिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बुजवली. केवळ दस्त करणाऱ्या वकिलाकडे त्या वेळी चालू सनद नव्हती म्हणून तो दस्त रद्द होत नाही, असे ठरले. मात्र जो वकीलच नाही, किंवा ज्याचे नाव रोलवरून काढले गेले आहे, त्याचा दस्त निरर्थकच. हा निकाल मला पूर्णपणे न्याय्य वाटतो. वकिलाने शुल्क भरले का, हे पाहण्याची जबाबदारी कर्ज घेणाऱ्या शेतकऱ्यावर किंवा देणाऱ्या बँकेवर टाकणे म्हणजे निर्दोषाला दंड करणे होते.

पण यातून वकील सुटत नाही. सनद न काढता काम करणे हे व्यावसायिक गैरवर्तनच आहे. शिस्तभंगाची कारवाई त्याच्यावर होते, आणि फर्मची अब्रू बरोबरीने जाते.

संध्याकाळी ५:००

कार्यालये बंद. अर्ज भरलेल्या तिघांपैकी दोघांच्या अर्जांवर ‘जारी’ असा शेरा आला आहे. ज्याने फोनवरून शुल्क भरले, त्याच्या अर्जावर अजून ‘प्रक्रियेत’. भागीदार म्हणतात, पैसे तर भरले. कायदा मात्र पैसे कधी भरले ते पाहत नाही, सनद कधी जारी झाली ते पाहतो.

रात्री ९:००

मनाई हुकुमाच्या प्रकरणातले लेखी म्हणणे ई-फायलिंगवर चढते. सकाळी युक्तिवाद केला तोच वकील, तीच सही. त्याचे शुल्क भरलेले आहे, सनद जारी नाही.

मध्यरात्र

तिघे बाहेर राहिले. दोघांचे गुण कमी, एकाचा अर्ज प्रक्रियेत. आता त्यांना सनद जेव्हा मिळेल तेव्हापासूनच धरली जाईल. १ जानेवारीपासून त्यांनी दिलेली प्रत्येक नोटीस, दाखल केलेला प्रत्येक दावा आणि त्यासाठी घेतलेली फी या सगळ्यांवर प्रश्नचिन्ह आहे.

१ फेब्रुवारी, सकाळी ९:००

मनाई हुकुमाच्या सुनावणीत समोरचे वकील उठतात. त्यांनी लॉ सोसायटीच्या संकेतस्थळावर नाव शोधले आहे. पडद्यावर उत्तर आले आहे: सक्रिय नाही. “माझी प्राथमिक हरकत आहे,” ते म्हणतात. अशिलाला यातले काही माहीत नाही. तो आपल्या घरावरचा ताबा वाचवायला आला होता.

यातल्या एकाही चुकीला कायद्याचे ज्ञान लागत नव्हते. केनियातल्या फर्मने सनदेचे काम एका ठरावीक माणसाच्या नावावर टाकावे, गुणांची तपासणी नोव्हेंबरमध्ये करावी, १० जानेवारी हीच शेवटची मुदत धरावी आणि सनद हातात नसलेल्याची सही १ जानेवारीनंतर कोणत्याही कागदावर पडू देऊ नये. आणि केनियात ज्या कोणाचे प्रकरण चालू असेल, तिथे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांसह, त्यांनी वकीलपत्रावर सही करण्याआधी वकिलाचे नाव लॉ सोसायटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावे. तो शोध सर्वांना खुला आहे.