२८० घोड्यांचा करार आणि पहिला बदल

माझा भाचा नैरोबीत वाढला. आपा लग्न होऊन तिकडे गेली त्याला आता तीस वर्षं होतील. मोंबासा आणि नैरोबीत आम्हा कोकणी मुसलमानांची वस्ती जुनी आहे, त्यामुळे रायगडातल्या मुलीला तिथलं स्थळ आलं याचं आमच्याकडे कुणाला फारसं नवल वाटलं नव्हतं. या भाच्याने मागच्या वर्षी पगारातून पैसे साठवून एक जुनी सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स घेतली. जपानमध्ये वापरलेली, मोंबासा बंदरात उतरलेली, मग तिथल्याच दोन मालकांच्या हातून फिरलेली. टर्बो इंजिन. फोटो पाठवला आणि खाली एकच ओळ: "मामू, थोडेच शिलिंग उरलेत, पहिलं काय बदलू?"

मी इतिहासावर लिहिणारा माणूस. पण अब्बांचं गॅरेज होतं, आणि शाळा सुटल्यावर माझी संध्याकाळ तिथे पाने धुण्यात जायची, हे त्याला आपाने सांगितलेलं असणार. मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. "पहिलं काय बदलू" असं विचारण्याआधी, ही गाडी कारखान्यातून जशी निघाली तशी का निघाली, ते कळायला हवं. आणि तो भाग माझ्या विषयातला आहे.

टर्बोची कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या गरम धुराने एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसरं चक्र बसवायचं, आणि त्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. जहाजं, ट्रक, विमानं यांच्यात हे आधीच रुळलं होतं. जपानी मोटारीत मात्र ते १९७९ मध्ये आलं, निस्सान सेड्रिक आणि ग्लोरिया या मोठ्या, साहेबी गाड्यांत. सरकारला तेव्हा वेगवान गाड्या नकोच होत्या, तेलाच्या टंचाईचे दिवस होते. म्हणून निस्सानने टर्बोची बाजू मांडली ती इंधन वाचवण्याची: धूर वाया जातो, तो आम्ही कामाला लावतो. परवानगी मिळाली. पुढच्या दहा वर्षांत त्याच टर्बोने काय केलं ते सगळ्यांना दिसलंच.

१९८८ मध्ये जपानमध्ये रस्ते अपघातांतल्या मृतांचा आकडा पुन्हा १०,००० च्या वर गेला. सरकारचा दबाव वाढला आणि मोटार कंपन्यांनी आपसात एक समजूत केली. कायदा नाही, सभ्य गृहस्थांचा शब्द. देशात विकायच्या कुठल्याही गाडीची जाहीर ताकद २८० अश्वशक्तीच्या वर नेायची नाही. १९८९ ची निस्सान फेअरलेडी झेड त्या आकड्याला टेकली आणि तिथेच रेघ ओढली गेली. ताशी १८० किलोमीटरला वेग अडवायची सोय आधीपासून होतीच. हा शब्द २००४ पर्यंत पाळला गेला, होंडाच्या लेजंडने ३०० चा आकडा छापला तेव्हा तो संपला.

पाळला गेला तो कागदावर. स्कायलाइन जीटी-आर, सुप्रा, लॅन्सर इव्होल्यूशन, पुढे इम्प्रेझा एसटीआय, सगळ्यांच्या माहितीपत्रकात तोच २८०. शेवटच्या आर-३४ जीटी-आरची ताकद प्रत्यक्ष मोजली की तीनशेच्या वर भरायची. अभियंत्यांनी इंजिन मोठं बांधलं आणि दाराशी एक छोटी कडी घातली. १९८९ च्या आर-३२ जीटी-आरमध्ये ही कडी शब्दशः होती: टर्बोचा दाब ठरवणाऱ्या रबरी नळीत बसवलेला, बारीक भोकाचा एक तुकडा. तो काढून टाकला की दाब वाढायचा. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. माझ्या माहितीत टर्बो गाडीतला याहून स्वस्त बदल नाही.

पण याच गाडीत दुसरीही एक गोष्ट होती, जी ते भोक काढणाऱ्यांना उशिरा कळली. टर्बोतलं धुराच्या बाजूचं चक्र सिरॅमिकचं होतं. हलकं, म्हणून लवकर वेग घेणारं, पण काचेसारखं ठिसूळ. कारखान्याच्या दाबाला ते वर्षानुवर्षं टिकायचं. दाब फार वाढवला, उष्णता वाढली, की ते दांड्यापासून सुटायचं किंवा त्याचे तुकडे व्हायचे. शर्यतीसाठी काढलेल्या एन-वन आवृत्तीत निस्साननेच धातूचं चक्र घातलं होतं. म्हणजे ती कडी नुसती सरकारला दाखवायला नव्हती. कुठली मर्यादा कागदाची आणि कुठली धातूची, हे बाहेरून बघून कळत नाही.

आता या गाड्या जपानबाहेर गेल्या कशा? तिथे 'शाकेन' नावाची सरकारी तपासणी असते. नव्या गाडीला तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. १९९५ पर्यंत दहा वर्षांवरच्या गाडीला ती दरवर्षी लागायची. कर, विमा, दुरुस्ती धरून दर वेळी लाखाच्या घरात येन जातात. त्यामुळे धडधाकट गाड्या मालक लिलावात सोडून देतात. त्या उचलायला कोण उभं होतं, हे मोटारींच्या मासिकांत फारसं येत नाही.

पाकिस्तानी आणि बांगलादेशी माणसाला १९८० च्या दशकात व्हिसाशिवाय जपानला जाता येत असे. हजारो तरुण गेले, छोट्या कारखान्यांत राबले. जानेवारी १९८९ मध्ये ही सवलत थांबवण्यात आली. जे राहिले त्यांच्यातल्या काहींनी, विशेषतः पाकिस्तान्यांनी, जुन्या गाड्यांच्या निर्यातीत हात घातला. गणित सोपं होतं. जपानमध्ये स्टिअरिंग उजवीकडे. पाकिस्तान, श्रीलंका, केनिया, न्यूझीलंडमध्येही उजवीकडे. एक भाऊ लिलावात, दुसरा दुबईत, मेहुणा मोंबासाला. दुबईच्या रस्त्यावर उजव्या स्टिअरिंगची गाडी चालत नाही, पण तिथल्या मुक्त व्यापार क्षेत्रातून ती आफ्रिकेला रवाना होते. या माणसांनी तिकडे घरं केली, काहींनी जपानी बायका केल्या, आणि वर्गणी काढून मशिदी उभ्या केल्या. टोकियोच्या उत्तरेला कासुकाबे इथली इचिनोवारी मशीद १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची, अशाच कामगारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पैशातली. तोयामाकडे रशियन गिऱ्हाइकांना गाड्या विकणाऱ्यांची वस्ती झाली, तिथेही मशीद आली. आपल्याकडे "गॅरेज म्हणजे मुसलमानांचं" असं हसत म्हणतात. ते हसणं मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण दोन खंडांतला एक अख्खा व्यापार या पाने-पकडवाल्यांनी, कुठल्याही मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय, फोनवर आणि नात्यागोत्यावर उभा केला, त्याची नोंद इतिहासात व्हायला हवी.

केनियात या गाड्यांना जमीन आधीच तयार होती, ती सफारी रॅलीने. जोगिंदर सिंग यांनी ती १९६५, १९७४ आणि १९७६ मध्ये जिंकली, त्यातल्या शेवटच्या दोन मित्सुबिशी लॅन्सरमधून. शेखर मेहता यांनी पाचदा, १९७३ मध्ये आणि मग १९७९ ते १९८२ सलग, दर वेळी डॅटसनमधून. पूर्व आफ्रिकेतल्या हिंदी माणसाला आपला वाटावा असा खेळ तो हा. १९९७ मध्ये कॉलिन मॅक्रेने इम्प्रेझातून सफारी जिंकली आणि त्यानंतरच्या पिढीला निळी सुबारू सोडून दुसरं काही दिसेना. केनियात आठ वर्षांहून जुनी गाडी आयात करता येत नाही. त्यामुळे आज माझ्या भाच्यासारखी मुलं घेतात त्या गाड्या आधी कधीतरी उतरलेल्या, तिसऱ्या-चौथ्या हातच्या असतात.

मी हे सगळं वाचत, जुळवत बसलो होतो तेवढ्यात भाच्याने वाट न पाहता बदल करून टाकला होता. ब्लीड व्हॉल्व्ह. पितळेची अंगठ्याएवढी वस्तू, अगदी स्वस्त. टर्बोचा दाब ठरावीक मर्यादेला पोचला की एका नळीतून ती खबर वेस्टगेटला जाते, वेस्टगेट उघडतं आणि जादा धूर चक्राला वळसा घालून निघून जातो. ब्लीड व्हॉल्व्ह त्या नळीतली थोडी हवा बाहेर सोडतो. वेस्टगेटला खबर कमी मिळते, ते उशिरा उघडतं, दाब चढतो. नैरोबीत गाडी झकास पळाली. पिकअप वाढला, इंजिनाचा आवाज साफ. दोन आठवडे तो खुशीत होता.

मग तो आपाला घेऊन मोंबासाला निघाला. साधारण ४८० किलोमीटर. वोई मागे पडलं, उन्हाचा तडाखा, पुढे कंटेनरचा ट्रक. ओव्हरटेक करायला त्याने पाय दाबला आणि गाडीला जोराचा झटका बसला. कुणी मागून दोर लावून खेचल्यासारखा. पाय सोडला की ठीक, दाबला की पुन्हा तेच. समोरून येणारी बस लांब होती म्हणून तो मुकाट मागे आला. आपाने मला त्या रात्री फोन केला तेव्हा तिचा आवाज अजून स्थिर नव्हता.

झालं काय, ते मी त्याला आकड्यांत समजावलं. नैरोबी समुद्रापासून सुमारे १,७०० मीटर उंचावर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सतरा-अठरा टक्के कमी, साधारण ०.८२ बार. साध्या इंजिनाची ताकद तिथे तेवढीच घटते, टर्बोची कमी घटते, म्हणून तर उंचावरच्या त्या देशात टर्बो इतका आवडता. आता समजा कारखान्याने बाहेरच्या हवेच्या वर ०.८ बार दाब ठरवलाय. किनाऱ्यावर इंजिनात एकूण १.८ जातो, नैरोबीत १.६२. भाच्याने व्हॉल्व्ह फिरवून वरचा दाब १ बार केला. नैरोबीत एकूण झाला १.८२, म्हणजे कारखान्याने किनाऱ्यासाठी धरला होता तेवढाच. म्हणून तिथे काहीच बिघडलं नाही. पण तीच गाडी उतरत उतरत समुद्राकडे निघाली तसा एकूण दाब २ च्या दिशेने गेला, तोही तापलेल्या हवेत. त्यात गाडीची मूळ जुळणी जपानी पंपावरच्या १०० च्या आसपास ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी. ऑक्टेन कमी असलं की दाबाखाली पेट्रोल वेळेआधी भडकतं, इंजिन नॉक करतं, आणि पिस्टनला तडा जायला काही सेकंद पुरतात. गाडीतल्या संगणकाने दाब हद्दीबाहेर गेलेला पाहिला आणि पेट्रोल तोडलं. तो झटका म्हणजे इंजिन वाचवणारा हात होता. फक्त तो नेमका ओव्हरटेकच्या मधोमध आला.

मोंबासाच्या एका गॅरेजात त्याला यावर स्वस्त इलाज सुचवण्यात आला: संगणकाला दाब कमीच आहे असं खोटं सांगणारा छोटा डबा. झटका बंद होतो. हा डबाही जपानी बाजारातच जन्मला, आणि जगभर बऱ्याच इंजिनांचा त्याने घास घेतलाय. मी फोनवर आवाज चढवून नाही म्हणालो. भाच्यावर मी पहिल्यांदा ओरडलो असेन.

त्यानंतर त्याला दिलेली यादी फार रंजक नाही. ब्लीड व्हॉल्व्ह आजच काढ. उरलेल्या पैशात पहिली वस्तू घ्यायची ती दाब दाखवणारा काटा, कारण जे मोजता येत नाही ते वाढवायचं कसं? मग इंजिन ऑइल, चांगलं आणि वेळेआधी बदललेलं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्याला तेलाचाच आधार. प्लग, पेट्रोल फिल्टर, कूलंट, जुन्या रबरी नळ्या. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला ते शोध, पावती नसेल तर बदलला नाही असं धर. ब्रेक ऑइल, ब्रेक पॅड, टायर. लांब पळवल्यावर इंजिन बंद करण्याआधी मिनिटभर तसंच चालू ठेव, हा बदल फुकट आहे. जपानी पोरांनी त्यासाठीही घड्याळवाला डबा विकत घेतला होता. गिअर बदलताना 'पश्श' आवाज करणारा व्हॉल्व्ह नको. या गाडीत आत येणारी हवा आधीच मोजलेली असते, ती बाहेर फेकली की पेट्रोलचा हिशेब चुकतो. उघडा एअर फिल्टर त्या लाल धुळीत तर नकोच. मोठा एक्झॉस्ट नंतर, संगणकाची जुळणी करायला पैसे जमतील तेव्हा, आणि ती जुळणी किनाऱ्याची हवा धरून.

त्याला ही यादी म्हाताऱ्याची वाटली. "मामू, यात ताकद कुठे वाढली?" नाही वाढली. पण जपान्यांनी त्या इंजिनात जी घालून ठेवली होती ती निदान पूर्ण मिळेल. तिसऱ्या हातच्या गाडीत ती बहुतेकदा मिळतच नसते: फुटकी नळी, दमलेले प्लग, तुंबलेला फिल्टर.

ईदला तो पुन्हा आपाला घेऊन मोंबासाला गेला. वोईच्या पुढे गाडी थांबवून त्याने काट्याचा फोटो पाठवला. दोन्हीकडे ०.८ च्या आसपास. खाली विचारलं होतं, "आता एक्झॉस्ट?"

मी लिहिलं, आधी टायमिंग बेल्टची पावती पाठव.