फोन घरीच खोलला, आता चार्ज होत नाही? नवी बॅटरी मागवण्याआधी हे तपासा

साखरखेर्डा : बॅटरी किंवा चार्जिंगचा बोर्ड ऑनलाइन मागवून घरीच बसवणारी पोरं आता गावोगाव आहेत. फोन चालू होतो, डिस्प्ले लागतो, पण चार्जर लावला की काहीच नाही. ई-पीक पाहणीच्या दिवसांत असं झालं तर पंचाईतच. अशा वेळी घाईने दुसरी बॅटरी मागवू नका. खोलण्याआधी चार्जिंग नीट होत असेल, तर बिघाड बहुतेक वेळा हात लावलेल्या जागीच असतो.

तरी आधी बाहेरून बघा. तोच चार्जर आणि तीच केबल दुसऱ्या फोनला लावून पाहा. लाइट कमी दाबाची आहे म्हणून चार्जिंग होत नाही, असं बरेच जण म्हणतात. पण बहुतेक चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तेवढ्यात तो चालतो. मग फोन बंद करून चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तिथे भुसा आणि खिशातला कापूस दाबून बसतो. लाकडी काडीने हळूच काढा. सुई घालू नका, आतल्या पिना वाकतात.

आता आतलं. मागचं कव्हर काढल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा, मगच बाकीच्याला हात लावा. वरच्या मोठ्या बोर्डापासून खालच्या चार्जिंग बोर्डापर्यंत एक चपटी पट्टी जाते. तिची दोन्ही टोकं नीट बसलीत का पाहा. बरोबर बसलं की बारीक 'टक' आवाज येतो. बसत नसेल तर जोर लावू नका, तिरकं झालं असेल. बऱ्याच फोनमध्ये माइकही खालच्याच बोर्डावर असतो. म्हणून चार्जिंगसोबत समोरच्याला तुमचा आवाजही जात नसेल, तर संशय आधी या पट्टीवर घ्या, बॅटरीवर नाही.

चार्ज होतो पण फारच हळू? एकाच मॉडेलचे दोन-तीन तऱ्हेचे बोर्ड निघतात, आणि स्वस्त बोर्डावर फास्ट चार्जिंगची सोय नसते. जुन्या बोर्डावरचा नंबर नव्याशी जुळवून पाहा. बॅटरीच्या तापमानाची सूचना येत असेल तर कनेक्टर सैल आहे किंवा बॅटरी त्या फोनची नाही. तापमान सांगणारी तार नीट जोडली गेली नाही, तर फोन चार्जिंग घेतच नाही. नवी बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर साध्या चार्जरवर अर्धा तास ठेवा, लगेच 'गेली' म्हणू नका.

स्क्रू जिथला तिथेच. यूट्यूबवरचा माणूस मॅटवर खुणा करून ठेवतो, आपण ओट्यावर सगळे एकत्र करतो. लांब स्क्रू आखूडच्या भोकात गेला तर बोर्डाला भोक पडतं.

बॅटरी फुगली, चेपली, पेचकस लागला किंवा गोडसर वास आला, तर काम तिथेच थांबवा. ती दाबून बसवू नका, चार्जिंगला लावू नका, उकिरड्यावर टाकू नका. पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत घालून कडबा-कुटारापासून लांब, घराबाहेर ठेवा. रात्री लाइट येते म्हणून दुरुस्त केलेला फोन उशाशी चार्जिंगला लावून झोपणं तर नकोच.

फोन एकदा चालू झाला की आधी फोटो, सातबाऱ्याच्या फाइली दुसरीकडे पाठवून घ्या. मेहकर-चिखलीला दुकानात न्यायची वेळ आली तर जुनी बॅटरी (फुगलेली नसेल तर) आणि जुना बोर्डही सोबत न्या, आणि काय काय खोललं ते लपवू नका. कारागिराचा वेळ वाचतो, आपले पैसेही.