आवाजाचं बटण

२०१० मध्ये आपल्या शहरातल्या लोकांनी, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादकरांनी, एकगठ्ठा १५० मर्सिडीज घेतल्या. तेव्हा मिरवायला गाडी पुरायची. आता माझ्या मित्राला आवाजही हवाय. त्याच्या स्पोर्ट्स कारला स्पोर्ट एक्झॉस्ट बसवायचाय: सायलेन्सरपाशी झडप, आत बटण. शिवाय लॅपटॉप जोडून गाडीच्या कॉम्प्युटरला ‘नवा भाग आलाय’ हे सांगायचं, नाहीतर बटण मुकं.

पण युक्ती शंभरेक वर्षं जुनी आहे बरं का! सुरुवातीच्या मोटारींत ‘कटआउट’ असायचा. पायाने दाबला की धूर सायलेन्सर टाळून थेट बाहेर. चढावर इंजिनला जोर मिळावा म्हणून. पण लोक गावातही दाबायचे! शेवटी परदेशात कित्येक शहरांनी बंदी घातली. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आहेच.

मित्र म्हणतो, “शहरात बंद ठेवीन रे.”

“आणि क्रांती चौकात सिग्नल सुटल्यावर?”

नुसता हसला.