फोटोंची खतावणी

माझ्या सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीत एक फोटो आहे. पाच बायका, सगळ्या नऊवारीत, मागे वाड्याचा दरवाजा. चौघी कोण ते मला ठाऊक आहे, कारण सासूबाईंनी सांगितले होते. पाचवीचे नाव विचारायचे राहिले, आणि आता सांगणारे कोणी उरले नाही. गेल्या दिवाळीनंतर घरातले आठ-नऊ हजार फोटो संगणकावर लावायला बसले, ते या पाचवीमुळेच. काम करता करता या विषयाचा इतिहासही वाचला.

फोटोवर नोंद ठेवण्याची रीत जुनी आहे. लाला दीनदयाळ यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १८४४ साली मेरठजवळच्या सरधना गावी एका जैन घराण्यात त्यांचा जन्म झाला. रुडकीला शिकले, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी केली आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत खास पडद्यातल्या स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला आणि तिथे फोटो काढायलाही बाईच नेमली. त्यांच्या अनेक फोटोंवर क्रमांक आणि स्थळाचे नाव आढळते, कारण ते निगेटिव्हच्या काचेवरच लिहिलेले असे. १९०५ साली ते गेले. १९८९ साली त्यांच्या २,८५७ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. मालक गेला तरी काचेवरची नोंद काचेबरोबरच राहिली, हे लक्षात ठेवा.

१९७५ साली कोडॅकमधले इंजिनिअर स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा बनवला. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. पुढे हे कॅमेरे घरोघरी आले, पण पाठीमागे पेन्सिलीने नाव लिहायला कागदच उरला नाही. ती अडचण आधी वर्तमानपत्रवाल्यांना जाणवली. १९९१ साली त्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयपीटीसीने, मथळा, स्थळ, छायाचित्रकार अशा नोंदींचे रकाने ठरवले. हे रकाने पुढे फोटोच्या फाइलमध्येच भरता येऊ लागले. १९९५ साली जपानी उद्योगाने एक्झिफ हा नमुना आणला. तेव्हापासून तारीख-वेळ कॅमेरा स्वतःच लिहितो. म्हणून कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर हवे!

मग आले सूची करणारे प्रोग्राम. मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे मला ते किर्द-खतावणीसारखे वाटतात. तारखेप्रमाणे फोल्डर ही किर्द, तिथे प्रत्येक फोटो एकदाच. सूची ही खतावणी. एकच फोटो 'मोठ्या नणंदबाई', 'जुना वाडा', 'लग्न' अशा तीन खात्यांवर चढतो, पण त्याची दुसरी प्रत होत नाही. अनेक प्रोग्रामांच्या सूचीत मूळ फोटो नसतोच, त्याचा फक्त पत्ता असतो. हे न कळल्याने मी एकदा बाहेरच्या बाहेर फोल्डरचे नाव बदलले, आणि सूचीतले सहाशे फोटो 'सापडत नाहीत' म्हणून आले. पोटात गोळाच आला. फोटो जागेवर होते, पत्ता मी बदलला होता.

खरा धोका पुढेच आहे. पिकासा गुगलने २००४ साली घेतले, फुकट दिले आणि २०१६ साली बंद केले. अॅपलचे अॅपर्चर २००५ साली आले, २०१४ साली ते थांबवत असल्याचे जाहीर झाले. दुकान बंद झाले की दुकानदाराच्या वहीतली नोंदही अडकते. पिकासात जेपीईजी फोटोखाली लिहिलेला मजकूर फाइलमध्ये जाई, तो टिकला. कोणता फोटो कोणत्या अल्बममध्ये, ही नोंद मात्र पिकासापाशीच राही. म्हणून लाइटरूम घ्या किंवा फुकट मिळणारे डिजिकॅम, नोंदी फाइलमध्ये लिहिण्याची सोय सेटिंगमध्ये सुरू आहे ना, ते पहिल्याच दिवशी पाहा. आणि फोटोंची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरी ठेवा.

हे प्रोग्राम आता चेहरेही ओळखतात. माझ्या संगणकाने ती पाचवी बाई आणखी दोन फोटोंत शोधून दिली. एकात तिच्या मांडीवर तान्हे बाळ आहे, ते म्हणजे आमचे हे! चेहरा जुळला, पण नाव यंत्राला कुठून ठाऊक असणार? मी रकान्यात लिहिले, 'नाव माहीत नाही. सासूबाईंच्या जवळची.'

तुमच्या घरात ज्यांना अजून सगळे चेहरे आठवतात, त्यांच्याजवळ या रविवारी पेटी उघडून बसा. प्रोग्राम पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल. नावे मात्र आजच लिहून घ्या.