आज्ञावलीची अनधिकृत प्रत व चौर्यापराध

संगणकाची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, मालकाच्या परवानगीवाचून उतरवून घेणे ही वस्तूची चोरीच होय काय, या विधिशास्त्रीय वादाविषयीची नोंद. सोलापूर जिल्ह्यातील मैंदर्गी येथे एखाद्या कास्तकाराच्या खळ्यावरून तुरीचे पोते गेले, तर त्याचा कबजा सुटतो आणि मुद्देमाल सापडल्यास तो धन्याच्या हवाली करता येतो. तेथीलच एखाद्या छापखान्याने पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’ या देवनागरी अक्षरजुळणीच्या आज्ञावलीची प्रत विनापरवाना बसविली, तर मूळ आज्ञावली जागच्या जागी राहते व बुडते ते केवळ तिचे मोल.

भारतीय दंडविधानाच्या कलम ३७८ प्रमाणे चोरीस मूर्त जंगम मालमत्ता दुसऱ्याच्या कबजातून हलविली जाणे आवश्यक होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने मूर्तत्वाची अट गाळली, तरी कबजाची अट कायम ठेवली. म्हणून असा मामला मुख्यतः १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाखाली चालतो. त्यात १९८४ च्या दुरुस्तीने आज्ञावलीस साहित्यकृतीचे संरक्षण मिळाले, आणि अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद व ५०,००० ते २ लाख रु. दंड सांगितला आहे. वापर व्यापारी लाभासाठी नसल्यास कैद टळू शकते. मालकी हक्काला मुदत नसते, प्रताधिकार मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तबकडीवरील तयार आज्ञावलीस ‘माल’ म्हटले खरे, परंतु तो निर्णय विक्रीकरापुरता होता.

प्रत्येक अनधिकृत प्रत म्हणजे एक बुडालेली विक्री, हा उत्पादकांचा हिशेब ग्राह्य धरता येत नाही, कारण ऐपत नसलेला गिऱ्हाईक ती विकत घेताच असे नाही. तथापि यावरून अपराध क्षुल्लक ठरत नाही: देवनागरीचे एकेक जोडाक्षर, रफार व वेलांटी यथास्थान बसविण्यात कारागिरांची वर्षे खर्ची पडतात, आणि मराठीसारख्या मर्यादित बाजारपेठेत त्यांची मजुरी थोड्याच खरेदीदारांकडून वसूल व्हावयाची असते.

नोकराने मालकाच्या आज्ञावलीची मूळ संहिता (सोर्स कोड) नेणे हा प्रकार निराळा. त्यासाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये, विवक्षित हेतू असल्यास, ‘चोरणे’ हेच क्रियापद योजले आहे. कोल्हापूरच्या अशाच एका फिर्यादीत मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरविले की, कृत्य या विशेष कायद्यात सामावत असता दंडविधानातील विश्वासघात व फसवणुकीची कलमे त्याच्याबरोबर चालविता येणार नाहीत.